पन्नाशीनंतरचे ताट आणि टेस्टोस्टेरॉन: मुंबईतल्या घरांसाठी आहाराची मार्गदर्शिका

परळ भागात आहारसल्ल्याचे काम करताना एक प्रसंग मी पुन्हा पुन्हा पाहते. पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ पत्नीसोबत येतात, साखर, रक्तदाब आणि गुडघे यांविषयीचे बोलणे पत्नीच करते, आणि निघण्याच्या वेळी ती पुढे गेली की ते खिशातून एखादी डबी काढून हळूच टेबलावर ठेवतात. डबीवर उधळलेला घोडा असतो, घटकांची यादी अर्धवट असते आणि ‘हे घेतले तर चालेल ना?’ हा प्रश्न खालच्या आवाजात येतो. त्या प्रश्नामागची काळजी खरी असते. पुलाचा जिना चढताना मांड्या भरून येतात, कामेच्छा ओसरलेली असते, सकाळी उठल्यावर उभारी वाटत नाही, आणि हे सगळे कोणाजवळ बोलावे हेच उमगत नाही. या लेखात मी त्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देत आहे.

आधी मूळ गोष्ट स्पष्ट करते. या तक्रारींचा दोष बहुधा टेस्टोस्टेरॉनला, म्हणजे पुरुषांच्या मुख्य संप्रेरकाला (हार्मोनला), दिला जातो. ते थेट आणि खात्रीने वाढवील असा एकही खाद्यपदार्थ बाजारात किंवा स्वयंपाकघरात नाही. आहार दोनच कामे करतो, पण ती दोन्ही मोलाची आहेत: शरीराला हे संप्रेरक तयार करण्यासाठी जे लागते त्याची कमतरता तो भरून काढतो, आणि जी चरबी ते संप्रेरक खर्ची घालते ती उतरवण्यास मदत करतो. पुढे सांगितलेला प्रत्येक बदल या दोहोंपैकी एका कामासाठी आहे.

शरीरात काय घडते

मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून संदेश आला की वृषणांतील लायडिग पेशी कोलेस्टेरॉलपासून टेस्टोस्टेरॉन तयार करतात. तिशी-चाळिशीनंतर त्याची रक्तातील पातळी दरवर्षी सरासरी एक टक्क्याच्या आसपास उतरत जाते. त्याच काळात या संप्रेरकाला बांधून ठेवणारे एक प्रथिन रक्तात वाढते, त्यामुळे शरीराला प्रत्यक्ष वापरता येणारा मोकळा हिस्सा आणखी वेगाने घटतो. ही उतरण नैसर्गिक आहे आणि बहुतेक पुरुषांत ती आजाराच्या पातळीपर्यंत जात नाही. युरोपातील आठ केंद्रांवर ४० ते ७९ वयाच्या तीन हजारांहून अधिक पुरुषांची पाहणी झाली होती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, लक्षणे आणि रक्तातील कमतरता या दोन्ही कसोट्यांवर उतरणारे पुरुष जेमतेम २ टक्के होते. म्हणजेच थकवा आला की लगेच संप्रेरकाला दोष देणे घाईचे ठरते. अपुरी झोप, थायरॉइडचा विकार, रक्तक्षय, अनियंत्रित मधुमेह आणि नैराश्य यांमुळेही नेमका असाच थकवा येतो.

पोटाच्या चरबीचे प्रकरण मात्र थोडे खोलात जाऊन समजून घेतले पाहिजे. चरबीच्या पेशींमध्ये अरोमाटेज नावाचे विकर (एन्झाइम) असते आणि ते टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये, म्हणजे स्त्री-संप्रेरकात, करते. चरबी जितकी जास्त तितके हे रूपांतर जास्त. शिवाय वाढलेली चरबी मेंदूकडून वृषणांकडे जाणारा संदेशही मंद करते. टेस्टोस्टेरॉन कमी झाले की स्नायू घटतात, स्नायू घटले की चरबी आणखी साठते, आणि माणूस एका चक्रात अडकतो. हे चक्र तोडण्याची सर्वांत सोपी जागा जेवणाचे ताट हीच आहे.

सुरुवात मोजमापाने करावी

शिंप्याकडे असते तशी टेप घ्यावी, पोट आत न ओढता, श्वास सहज सोडून कमरेचा घेर मोजावा आणि तारखेसह लिहून ठेवावा. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते. वजनकाट्यावरचा आकडा बरा दिसत असूनही घेर ९८ किंवा १०२ भरतो, असे पुरुष माझ्याकडे सतत येतात, आणि त्यांना तो आकडा पाहून धक्का बसतो.

लक्षणे असतील तर डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्ततपासणी करावी. मात्र तिची वेळ चुकवू नये. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वाधिक असते आणि दुपारनंतर उतरते, म्हणून रक्त सकाळी ७ ते १० या वेळेत आणि उपाशीपोटी द्यावे. उपाशीपोटी असण्यामागे ठोस कारण आहे: अमेरिकेतील एका अभ्यासात पुरुषांना ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायला दिल्यावर रक्तातील टेस्टोस्टेरॉन सरासरी पाव हिश्शाने घसरले, आणि मधुमेह नसलेल्यांतही ते घसरले. चहा-बिस्किटे खाऊन दुपारी बारा वाजता दिलेल्या रक्ताच्या अहवालावरून घाबरून गेलेली माणसे मी पाहिली आहेत. एका अहवालावर निर्णय न घेता वेगळ्या दिवशी दुसरी तपासणी करावी. साधारणपणे ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी पातळी दोन्ही वेळा आली, तर डॉक्टर पुढचा विचार करतात. ताप किंवा मोठे आजारपण चालू असताना ही तपासणी करू नये, आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तसे आधी सांगावे, कारण काही यंत्रांवर त्यामुळे आकडा चुकीचा येतो.

साखर, मैदा आणि उपवासाचे ताट

पहिला बदल चहाच्या कपापासून करावा. दोन चमचे साखर म्हणजे सुमारे १० ग्रॅम. घरचे दोन आणि कचेरीतले तीन असे पाच चहा झाले की ५० ग्रॅम साखर केवळ चहातून पोटात जाते, आणि सोबतची खारी, बिस्किटे किंवा क्रीमरोल वेगळाच. साखर एकदम बंद केलेली माणसे आठवड्यात माघारी फिरतात, त्यामुळे मी दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करायला सांगते. महिन्याभरात जिभेला सवय होते.

उपवासाबद्दल थोडे स्पष्ट बोलावे लागेल. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. त्यात बटाटा, वर गोड दही आणि संध्याकाळी पुन्हा साबुदाणावडे असे झाले, तर त्या दिवशी रक्तातील साखर इतर दिवसांपेक्षा जास्त उसळते. श्रद्धा जपूनही ताट बदलता येते: राजगिऱ्याची भाकरी, भगर, शेंगदाण्याची आमटी, ताक आणि काकडीची कोशिंबीर. दुसरे टोकही टाळावे. वजन झटपट उतरवण्यासाठी दिवसचे दिवस निम्म्या अन्नावर राहिले, की शरीर प्रजननाशी निगडित संप्रेरकांची निर्मितीच आवरते घेते. महिन्याला दोन किलोंपर्यंत वजन उतरत असेल तर तो वेग पुरेसा आहे.

जस्त: आपल्या उसळींची खरी ताकद

टेस्टोस्टेरॉनच्या बाबतीत ज्या पोषकद्रव्याचा पुरावा सर्वांत भक्कम आहे ते म्हणजे जस्त, ज्याला आपण झिंक म्हणतो. माणसाला जस्ताची कमतरता होऊ शकते हे १९६० च्या दशकात प्रथम दाखवून देणारे डॉ. आनंद प्रसाद हे मूळचे बिहारचे. त्यांनीच पुढे अमेरिकेत १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तरुण पुरुषांच्या आहारातील जस्त काही महिने कमी ठेवले, तेव्हा त्यांचे टेस्टोस्टेरॉन मोठ्या प्रमाणात घसरले. उलट, जस्ताची किंचित कमतरता असलेल्या वृद्ध पुरुषांना ते काही महिने दिल्यावर त्यांची पातळी जवळजवळ दुप्पट झाली. हे प्रयोग अगदी थोड्या लोकांवर झाले होते आणि लाभ झाला तो कमतरता असलेल्यांना. ज्यांच्या शरीरात जस्त पुरेसे आहे त्यांना गोळ्या घेऊन काही मिळत नाही. उलट जास्त जस्तामुळे तांब्याची कमतरता होते.

भारतीय पुरुषांसाठी दिवसाला १७ मिलिग्रॅम जस्ताची शिफारस आहे. हा आकडा अमेरिकेतल्या ११ मिलिग्रॅमपेक्षा बराच मोठा आहे, कारण आपल्या धान्यांत आणि डाळींत फायटेट नावाचे द्रव्य असते, ते जस्ताला जखडून ठेवते आणि खाल्लेले जस्त तसेच बाहेर पडते. ही अडचण दूर करण्याच्या रीती आपल्या आजीला ठाऊक होत्या: भिजवणे, मोड आणणे आणि आंबवणे.

मटकीचेच उदाहरण घेऊ. रात्री मटकी निवडून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन, भरपूर पाण्यात आठ-दहा तास भिजवावी. सकाळी ते पाणी ओतून द्यावे, कारण फायटेटचा काही भाग त्यात उतरलेला असतो. मग ओल्या पंचात घट्ट पुरचुंडी बांधून चाळणीत ठेवावी आणि वर झाकण घालावे. मुंबईच्या मे महिन्यात संध्याकाळपर्यंतच दाण्याएवढे मोड दिसू लागतात, डिसेंबरात मात्र दुसरी सकाळ उजाडावी लागते. पावसाळ्यातल्या दमट हवेत मोडांना बुळबुळीतपणा आणि आंबूस वास लवकर येतो, म्हणून त्या दिवसांत पुरचुंडी दोनदा उघडून मटकी स्वच्छ पाण्याने हलकेच धुवावी. वास आलाच तर ती मटकी टाकून द्यावी. फोडणीत कांदा आणि लसूण यांचा हात आखडता घेऊ नये. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील संशोधकांनी २०१० मध्ये प्रयोगशाळेत दाखवले आहे की कांदा-लसणामुळे धान्य आणि कडधान्यांतील लोह व जस्त शोषण्यायोग्य स्थितीत अधिक प्रमाणात मोकळे होते. कांदा खाल्ल्याने टेस्टोस्टेरॉन थेट वाढते असा जो प्रचार दिसतो, त्याचा आधार बहुतांशी प्राण्यांवरील प्रयोग आहेत. उसळीतला कांदा जस्तासाठी उपयोगी पडतो, इतके म्हणणे प्रामाणिक आहे.

मोडाच्या उसळीची वाटी रोज एकदा ताटात असावी. मटकी, मूग, चवळी, हरभरा, वाल अशी आलटून-पालटून केली की कंटाळा येत नाही. जोडीला तिळाची चटणी ठेवावी. शंभर ग्रॅम तिळांत ७ ते ८ मिलिग्रॅम जस्त असते, म्हणजे दोन मोठे चमचे, सुमारे २० ग्रॅम, चटणीतून दीड मिलिग्रॅम मिळते. तीळ मंद आचेवर भाजावेत आणि तडतडू लागताच उतरवावेत. लाल भोपळ्याच्या बिया आपण चिरताना फेकून देतो. त्या धुऊन, वाळवून, तव्यावर भाजून सोलून खाल्ल्या तर त्यांतही जवळपास तेवढेच जस्त मिळते. सोयाबीनमुळे पुरुषत्व कमी होते ही भीती मनातून काढून टाकावी: पुरुषांवर झालेल्या अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये घेतला गेला तेव्हा टेस्टोस्टेरॉनवर सोयाचा परिणाम आढळला नाही.

मांसाहार करणाऱ्यांसाठी जस्ताचा सर्वांत समृद्ध स्रोत म्हणजे कालवे. कोळीणींकडे ती सोललेली मिळतात. मात्र कालव पाणी गाळून जगते, त्यामुळे खाडीतल्या सांडपाण्यातील जंतू आणि जड धातू त्याच्या शरीरात साठतात. म्हणून ती ओळखीच्या कोळीणीकडून, कुठल्या पाण्यातली आहेत हे विचारून घ्यावीत, कधीही अर्धकच्ची खाऊ नयेत आणि महिन्यातून एक-दोनदाच खावीत. यूरिक ॲसिड वाढलेल्यांनी ती टाळावीत.

मासे, अंडी आणि तेल

बांगडा आणि तारली हे दोन मासे मी सुरमई-पापलेटच्या आधी सुचवते. ते स्वस्त आहेत, त्यांत ओमेगा-३ स्निग्धाम्ले भरपूर आहेत आणि ड जीवनसत्त्वही आहे. बाजारात माशाचा गलफडा उघडून पाहावा: तो लालभडक असावा, डोळे फुगीर आणि पारदर्शक असावेत, आणि अंगावर बोट दाबल्यावर खड्डा राहू नये. आठवड्यातून दोनदा बांगड्याचे तिरफळ घातलेले कालवण किंवा तारलीचे सुके करावे. रव्यात घोळवून भरपूर तेलात तळण्यापेक्षा हे बरे. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि पाठोपाठ श्रावण येतो. त्या काळात अंडी, पनीर, डाळी आणि जवसाची चटणी यांवर भर द्यावा. अंड्यातला पिवळा भाग काढून टाकण्याची गरज बहुतेकांना नसते. हृदयविकार किंवा मधुमेह असणाऱ्यांनी त्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

ड जीवनसत्त्वाविषयी संशोधनाचे निकाल परस्परविरोधी आहेत. ऑस्ट्रियातील ग्राझच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ते दिल्यावर टेस्टोस्टेरॉन वाढलेले दिसले, पण तिथल्याच संशोधकांनी नंतर केलेल्या चाचण्यांत वाढ दिसली नाही. म्हणून टेस्टोस्टेरॉनसाठी ड जीवनसत्त्व घेऊ नये. हाडे आणि स्नायूंसाठी मात्र कमतरता भरून काढलीच पाहिजे, आणि मुंबईत ती कमतरता सर्रास आढळते. शिवाजी पार्कावर सकाळी साडेसहाला फेऱ्या मारणाऱ्यांना वाटते की कोवळे ऊन पुरेसे आहे, पण त्या वेळी ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण फारच थोडे असतात. अकरा ते दोनच्या दरम्यान हातपायांवर पंधरा-वीस मिनिटे ऊन घ्यावे.

तेल पूर्ण सोडणाऱ्यांना मी नेहमी थांबवते. टेस्टोस्टेरॉन कोलेस्टेरॉलपासून बनते, आणि काही चाचण्यांत अगदी कमी स्निग्धांशाच्या आहारावर पुरुषांचे टेस्टोस्टेरॉन घटलेले आढळले आहे. माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल पुरेसे आहे. शेंगदाणा, तीळ, करडई आणि मोहरी यांची तेले फिरवून वापरावीत. वनस्पती तूप आणि पुन्हा पुन्हा तापवलेले तेल टाळावे. ट्रान्स फॅटची, म्हणजे अशा तुपा-तेलांतील हानिकारक स्निग्धांशाची, कायदेशीर मर्यादा २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली गेली आहे, पण रस्त्यावरच्या कढईत दिवसभर तापणाऱ्या तेलाचे मोजमाप कोणी करत नाही.

डब्या, पुड्या आणि मुळ्या

अश्वगंधेवर काही लहान चाचण्या झाल्या आहेत. वजन जास्त असलेल्या ४० ते ७० वयाच्या पुरुषांवर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत टेस्टोस्टेरॉन १५ टक्क्यांच्या आसपास अधिक वाढलेले दिसले, परंतु थकवा आणि लैंगिक समाधान यांत ठोस फरक दिसला नाही. अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि थायरॉइडच्या औषधांशी तिचा मेळ बसत नाही, म्हणून ती डॉक्टर किंवा वैद्यांच्या देखरेखीशिवाय घेऊ नये. गोखरूने माणसांत टेस्टोस्टेरॉन वाढते असे बहुतेक चाचण्यांत दिसलेले नाही. मेथीच्या अर्काचा थोडा परिणाम दिसला असला, तरी तो गोळीतल्या अर्काचा आहे. मेथीची भाजी आणि डाळमेथी रक्तातील साखर आटोक्यात ठेवण्यासाठी उत्तम आहे, तेवढ्यासाठी ती जरूर खावी.

ज्येष्ठमधाबाबत विशेष सावध राहावे. १९९९ मध्ये इटलीतील संशोधकांनी सात पुरुषांना रोज ७ ग्रॅम ज्येष्ठमध दिले, तेव्हा त्यांचे टेस्टोस्टेरॉन घटले. नंतरच्या अभ्यासांत घट कमी दिसली. खोकल्यासाठी दोन दिवस काडी चघळण्याने काही बिघडत नाही, पण रोज चमचाभर चूर्ण घेणाऱ्यांचा रक्तदाबही वाढू शकतो. दारूबद्दल एवढेच सांगते की ती वृषणांवर आणि यकृतावर थेट आघात करते, आणि आठवड्याचे ‘बसणे’ चालू ठेवून बाकीचा आहार सुधारण्याचा उपयोग फार थोडा होतो.

डबीवर घटक आणि परवाना क्रमांक नसेल, किंवा ती ‘एका रात्रीत परिणाम’ असे सांगत असेल, तर ती घेऊच नये. अशा काही चूर्णांत लैंगिक उत्तेजनाची ॲलोपथीची औषधे लपवून मिसळलेली सापडली आहेत, आणि हृदयविकारासाठी नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्याच्या जिवावर ती बेतू शकतात.

रात्रीच्या जेवणाची वेळ

शिकागो विद्यापीठात २०११ मध्ये दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिले, तेव्हा त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घसरले. बदलापूर किंवा विरारहून रोज पहाटेची गाडी पकडणारा माणूस हे वर्षानुवर्षे भोगत असतो, आणि गाडीची वेळ त्याच्या हातात नसते. जेवणाची वेळ मात्र थोडी हातात असते. मी सुचवते ती व्यवस्था अशी: संध्याकाळी साडेसहाला, कचेरीतून निघण्यापूर्वी, मूठभर भाजलेले चणे-शेंगदाणे आणि एक फळ खावे. त्यामुळे स्टेशनबाहेरचा वडापाव टळतो आणि घरी पोहोचल्यावर रात्रीचे जेवण हलके होते: एक भाकरी, उसळ, पालेभाजी आणि ताक. साडेनऊच्या आत ताट उचलले गेले की अकराच्या आत झोप लागते. घोरणे मोठे असेल आणि झोपेत श्वास अडकत असेल, तर आधी त्याची तपासणी करावी. त्या आजारातही टेस्टोस्टेरॉन कमी आढळते.

आहारासोबत आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम हवा. खुर्चीवरून हात न टेकता दहा-बारा वेळा उठणे-बसणे हीसुद्धा सुरुवात चालते. चालू असलेली मधुमेह आणि रक्तदाबाची औषधे स्वतःहून कमी करू नयेत. कामेच्छा पूर्ण ओसरली असेल, छाती वाढून दुखत असेल किंवा किरकोळ पडण्याने हाड मोडले असेल, तर आहारावर विसंबून न राहता संप्रेरकतज्ज्ञांना भेटावे. परळच्या केईएम रुग्णालयात अंतःस्रावी विकारांचा विभाग आहे. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने व्यायामशाळेतल्या ओळखीवर कधीही घेऊ नयेत: बाहेरून संप्रेरक मिळू लागले की शरीर स्वतःचे उत्पादन आणि शुक्राणूंची निर्मिती थांबवते, आणि रक्त दाट होण्याचा धोकाही असतो.

हा आहार किमान तीन महिने पाळावा. मग त्याच टेपने, त्याच जागी, सकाळी उपाशीपोटी कमरेचा घेर पुन्हा मोजावा आणि पहिल्या आकड्याशेजारी लिहावा. रक्ततपासणी पुन्हा करायची असेल तर पहिल्याच प्रयोगशाळेत आणि पहिल्याच वेळेला करावी, कारण दोन ठिकाणच्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.